डावीकडे थोडी कमी वळणारी गाडी

पार्किंगच्या शहाबादी फरशीवर पहिला लाल ठिपका दिसला तो दिवाळीनंतरच्या आठवड्यात. टिकलीएवढा. रांगोळीचा रंग सांडला असेल म्हणून मी त्यावर पाय देऊन पुढे गेले, आणि तो रंग चपलेला चिकटून स्वयंपाकघरापर्यंत आला. पुसला तर पसरला. तेव्हा लक्षात आलं की हे तेल आहे. इंजिनचं तेल काळं, ब्रेकचं पिवळट, कूलंट हिरवं. आमच्या गाडीत लाल एकच, पॉवर स्टेअरिंगचं.

गाडी म्हणजे फोर्ड आयकॉन, 1.6 पेट्रोल, 2003 सालची, एमएच-11, म्हणजे साताऱ्याची. मी ती 2009 मध्ये सेकंडहँड घेतली, तेव्हा पाटबंधारे खात्यात आरेखक होते. (आता जलसंपदा म्हणायचं, पण आमच्या पिढीच्या तोंडी पाटबंधारेच.) हिची जाहिरात ‘जोश मशीन’ म्हणून व्हायची. मला जोशाशी काही घेणं नव्हतं. मी भुलले ते स्टेअरिंगला. यवतेश्वराच्या घाटात वळण घेताना चाकाखाली डांबर आहे, खडी आहे की ओली माती, हे हाताच्या तळव्याला आधी कळतं, डोळ्याला मागून. पुतण्याची नवी गाडी एका बोटानं वळते, कौतुक आहे, पण ती चालवताना मला नेहमी वाटतं की मी फोनवरून कुणाला तरी वळायला सांगते आहे.

घाटाचा उल्लेख आला म्हणून सांगते. बहिणीचं घर कासच्या रस्त्याला आहे, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी वर जाणं होतं. डिसेंबरात सकाळी सातला निघाले की पहिल्या दोन वळणांना स्टेअरिंग जड लागायचं, गाडीखालून म्हैस रवंथ करत असल्यासारखा आवाज यायचा, आणि वर पोचेपर्यंत सगळं सुरळीत. थंडी आहे, तिलाही वय झालंय, असं म्हणून मी सोडून दिलं. पण खात्यातली सवय जात नाही. स्टेअरिंगच्या तेलाच्या डबीवर कागदी पट्टी चिकटवली, रेघा मारल्या आणि वहीत तारखा लिहायला लागले. नोव्हेंबरात 100 मिली तेल तीन आठवड्यांत गेलं. जानेवारीत नऊ दिवसांत. फेब्रुवारीच्या सुरुवातीला चार दिवसांत. हे आलेखावर मांडलं तर रेघ कशी चढते ते सांगायला आरेखक लागत नाही.

ही गळती पुढे स्टेअरिंगच्या रॅकची निघाली. रॅक म्हणजे काय हे ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: मीटरभरापेक्षा थोडी लांब पिचकारी समजा. आत एक गुळगुळीत दांडा. त्याच्या एका अंगाला दात, त्यात स्टेअरिंगच्या टोकाचं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, बसतं. दुसऱ्या अंगाला दांड्यावर दट्ट्या, आणि तेलाचा दाब त्या दट्ट्याला डावी-उजवीकडे ढकलतो. दांड्याच्या दोन्ही टोकांना टाय रॉड, ते चाकांना जोडलेले. दांडा जिथून बाहेर येतो तिथे तेल अडवणारं सील, आणि त्यावर धूळपाणी लागू नये म्हणून घडीघडीचं रबर. गॅरेजमध्ये त्याला कुणी बूट म्हणतं, कुणी बेलो.

आता कबुली. दोन वर्षांपूर्वी चाकांचं अलाइनमेंट करणाऱ्या मुलानं मला सांगितलं होतं, “मॅडम, डाव्या साइडचा बूट फाटलाय.” साडेतीनशे रुपयांचं रबर. मी म्हटलं, पुढच्या वेळी बघू. ती पुढची वेळ यायच्या आत दोन पावसाळे येऊन गेले. कासच्या रस्त्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या फाटक्या बुटात काय काय शिरलं असेल ते सांगायला नको. तेव्हा गाडीला, कंपनीला, रस्त्याला दोष देणाऱ्या प्रतिक्रिया कृपया नकोत. आळस माझा.

पहिल्या गॅरेजनं गाडी वर घेतली, बूट दाबला, पचकन लाल तेल बाहेर आलं. “रॅक गेला. नवीन टाका. मिळाला तर बावीस हजार, फिटिंग वेगळं.” मिळाला तर हे महत्त्वाचं. फोर्डनं इथलं उत्पादन थांबवत असल्याचं 2021 मध्ये जाहीर केलं, आणि आयकॉन तर त्याच्या कितीतरी आधी बंद झाली होती.

दुसऱ्या ठिकाणी गेले ते खड्ड्यातल्या कटकट आवाजासाठी. मी स्टेअरिंगच्या कडेला चिकटपट्टी लावून मोजलं होतं, चाक हलायच्या आधी साडेतीन सेंटिमीटर मोकळं फिरायचं. तिथला पोरगा म्हणाला, “प्ले काढून देतो, दोनशे द्या,” आणि रॅकच्या खालचा नट पान्यानं आवळून दिला. आवाज गेला. प्लेही गेला. मी खूश होऊन घाटात गेले, आणि पहिल्याच वळणानंतर स्टेअरिंग परत फिरेना. एरवी वळण संपलं की हात सैल सोडायचा, ते आपलं आपण सरळ होतं. आता मीच ओढून सरळ करायचं, आणि सरळ रस्त्यावर सतत इकडून तिकडे शिवण घालत बसायचं. घरी येऊन वाचलं, विचारलं, तेव्हा कारण कळलं. गाडी आयुष्यभर बहुतेक सरळच जाते, म्हणून दांड्याचे मधले दात जास्त झिजतात, कडेचे जवळजवळ नवे असतात. तो नट दांड्याला पिनियनवर दाबून धरणाऱ्या ठोकळ्याचा. मधल्या झिजेच्या मापानं तो आवळला की कडेच्या न झिजलेल्या दातांवर पिनियन आवळून बसतं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन तो होता तिथे परत सैल करून घेतला. सैल करायचे पैसे त्यानं घेतले नाहीत, हे मात्र नोंदवते.

तिसरे आमचे नेहमीचे गोडोलीचे मिस्त्री. ते गाडीखाली गेले, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि बाहेर येऊन म्हणाले, “मॅडम, खोलल्याबिगर काय सांगू?” मला तेव्हा राग आला. इतके दिवस थांबून हे उत्तर! पुढच्या महिनाभरात जितकी माणसं भेटली त्यांतलं हे एकच उत्तर बरोबर होतं.

घरात तोवर पंचायत बसली होती. धाकटे दीर बँकेतून निवृत्त झालेले, त्यांचं गणित सरळ. “वहिनी, चाळीस हजारांची गाडी. तिच्यात बारा-पंधरा हजार घालता? तीस टक्के झाले.” हे टक्केवारीचं गणित सगळेच सांगतात आणि मला ते कधीच पटत नाही. चाळीस हजार ही गिऱ्हाईक मला काय देईल त्याची किंमत. मला त्या चाळीस हजारांत काय मिळेल? स्कूटरसुद्धा नाही. बारा हजार आणि गाडीची विक्री किंमत यांची तुलना करायचीच नसते. बारा हजार एका बाजूला, आणि गाडी नसण्याचा किंवा दुसरी घेण्याचा खर्च दुसऱ्या बाजूला. पण दिरांचा दुसरा मुद्दा जड होता, तो मी मान्य केला. 2023 मध्ये नोंदणीचं नूतनीकरण करताना पाच हजार फी भरली. पुढचं 2028 मध्ये, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना ती फी आता दहा हजार झाली आहे, शिवाय पर्यावरण कर. म्हणजे मी जे काही करीन ते दोन-अडीच वर्षांच्या हिशेबानं करायला हवं. बावीस हजारांचा नवा रॅक तिथेच बाद झाला.

ह्यांचं मत नेहमीप्रमाणे सगळ्यात स्वस्त. “तेल टाकत राहा की. वर्षाला किती लागेल?” मी काढलं होतं ते आधीच. आठवड्याला 100 मिली धरलं तर वर्षाला पाच लिटर, दोन हजार रुपये. कागदावर ह्यांचाच विजय. आणि एक गोष्ट त्यांच्या बाजूची, ती इथे सांगितलीच पाहिजे, कारण लोक विनाकारण घाबरतात: रॅक गळला म्हणून स्टेअरिंग हातातून सुटत नाही. दात आणि पिनियन जागेवर असतात. तेल संपलं तर फक्त मदत संपते, स्टेअरिंग दगडासारखं जड होतं, पण गाडी वळते. पण गळती दर आठवड्याला तेवढीच राहणार हे गृहीत चुकीचं होतं. माझी रेघ चढत होती. आणि एखाद्या दिवशी डबी रिकामी झाली तर तेलाला दाब देणारा पंप कोरडा फिरून जळतो. म्हणजे दोन हजारांच्या तेलामागून पंपाचा खर्च.

मग मुंबईच्या पुतण्याला कुर्ल्याला पाठवलं. सीएसटी रोडच्या जुन्या मालाच्या दुकानांत त्याला आयकॉनचा रॅक मिळाला, साडेपाच हजार. फोटो पाठवले. काळा चकचकीत रंग, दोन्ही बूट कोरे. मी लिहिलं, बूट मागे सरकवून दांड्याचा फोटो काढ. दुकानदार म्हणाला, बूट सरकवला तर घ्यावा लागेल. मी लिहिलं, ये परत. जुना रॅक म्हणजे माझ्याच गाडीच्या वयाचा, दुसऱ्या कुणाच्या तरी फाटक्या बुटातून भिजलेला. फरक एवढाच की माझ्या रॅकची कुंडली मला माहीत आहे, त्याची त्याला रंग देणाऱ्यालाच.

उरला एकच मार्ग, रॅक बनवून घेणं. मिस्त्रींनी दोन दिवसांत उतरवला. सबफ्रेम, म्हणजे गाडीखालची चौकट, थोडी खाली घ्यावी लागली. टाय रॉडचं टोक काढताना त्यांनी किती आटे फिरले ते मोजून खडूनं भिंतीवर लिहिलं, हे बघून मला इतकं बरं वाटलं की चहाबरोबर भडंगही पाठवलं. सील किट पुण्याला नाना पेठेतून मागवलं. पण दांडा बघायला, मोजायला, लागलं तर घासायला कोल्हापूरला उद्यमनगरात जा असं त्यांनीच सांगितलं. मी स्वतः जाणार म्हटल्यावर ते हसले. कुरियर होतं की. पण जे खोलल्यावरच कळणार आहे ते मला फोनवर ऐकायचं नव्हतं.

रॅक पोत्यात गुंडाळला, तेलाच्या पाइपांची भोकं लाकडी बुचांनी बंद केली, आणि सातारा स्टँडवर कोल्हापूरची एसटी धरली. कंडक्टरनं पोतं बघून विचारलं, “काकी, काय बंदूक-बिंदूक?” मी म्हटलं, गाडीचा रॅक आहे. तो म्हणाला, “मग रॅकवरच ठेवा.” अर्धी गाडी हसली. मला महिला म्हणून अर्धं तिकीट. रॅकचं अर्धं का पूर्ण, यावर कऱ्हाडपर्यंत चर्चा चालली आणि शेवटी त्यानं काहीच घेतलं नाही.

उद्यमनगरातलं दुकान दहा बाय पंधरा. एक लेथ, एक घोटणी मशीन, भिंतीवर बालाजीचं कॅलेंडर. कारागीर साठीचे, सगळे त्यांना मामा म्हणत होते, मीही म्हटलं. त्यांनी रॅक खोलला, दांडा डिझेलमध्ये धुतला, मऊ कापडानं पुसला आणि डोळे मिटून त्यावरून नख फिरवायला लागले. दोनदा फिरवलं. मग माझा हात धरून माझं नख फिरवलं. “लागलं?” लागलं. डाव्या टोकाकडे, टाय रॉडच्या सांध्यालगत, तीन खड्डे. खसखशीच्या दाण्याएवढे. फाटका बूट तिथेच होता, पाणी तिथेच साठलं होतं.

मग दांडा सरळ आहे का ते बघायला तो व्ही-ब्लॉकच्या खाचेत ठेवून मापाचा डायल लावला आणि हळूहळू फिरवला. सुई दहा रेघांच्या आत राहिली, म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्यांनी दांडा वाकवलेला नाही. मग वरची व्हॉल्व्हची बाजू. पिनियनच्या वर जो व्हॉल्व्ह फिरतो त्याला टेफ्लॉनच्या रिंगा असतात, आणि त्या वर्षानुवर्षं घासून व्हॉल्व्हच्या घरात, म्हणजे बाहेरच्या नळीत, चर पाडतात. चर पडले की थंड असताना तेल तिथून निसटतं आणि सकाळी स्टेअरिंग जड लागतं. माझी म्हैस ती हीच की काय, ही मला भीती होती, कारण तो चर सील किटनं भरत नाही. मामांनी बॅटरी धरली, नख फिरवलं, म्हणाले, “न्हाई. रिंगा कडक झाल्यात, घर चांगलं हाय.” मी खुर्चीवर बसले.

आता प्रश्न उरला तीन खसखशींचा. नवं सील घातलं आणि ते त्या खड्ड्यांवरून गेलं, तर महिन्याभरात त्याचा ओठ फाटणार. जुन्याचा तसाच फाटला होता, मामांनी दाखवला. एक उपाय हार्ड क्रोम: दांडा घासायचा, क्रोम चढवायचा, परत मापात घासायचा. साडेचार हजार आणि आठ दिवस. मामा स्वतःच फारसे उत्सुक नव्हते. क्रोम चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो, मग लगेच काही तास भट्टीत तापवून तो काढावा लागतो, नाहीतर कडक पोलाद ठिसूळ होतं. “ते तापवतात का न्हाई, मी तिथं उभा नसतो,” ते म्हणाले. स्टेअरिंगच्या दांड्याबाबत असं प्रामाणिक वाक्य ऐकल्यावर पुढे विचारायचं काही राहत नाही. वेल्डिंगनं भरून देणारे आहेत, ते तर नावसुद्धा काढू नका.

मग त्यांनी टोपलीतून एक पोलादी वॉशर काढला. जाड, छल्ल्यासारखा. “ताई, हे खड्डे सीलपर्यंत कधी येतात? डावीकडं पार शेवटपर्यंत वळवलं की. शेवटचे पाच-सहा मिलिमीटर. तेवढं वळूच दिलं न्हाई तर?” डाव्या सांध्याच्या आत हा छल्ला बसवला की दांडा आत जायचा थोडा आधीच थांबतो. खड्डे कायम सीलच्या बाहेर. उजवीकडचं वळण पूर्वीइतकंच. धातूला हात लावायचा नाही, उष्णता नाही, क्रोम नाही. किंमत दीडशे रुपये, सील बसवण्याची मजुरी तीन हजार. फक्त गाडी डावीकडे थोडी कमी वळणार.

थोडी म्हणजे किती? “ते तुम्ही बघा,” मामा म्हणाले. मी रॅक तिथेच ठेवून परत आले.

त्या रात्री बऱ्याच वर्षांनी ड्रॉइंग बोर्ड काढला. 1:50 प्रमाण. शाहूपुरीतली आमची गल्ली बारा फूट, फाटक साडेनऊ फूट, आणि गाडी आत घ्यायची ती डावीकडे वळून. घाटाची मला काळजी नव्हती, तिथे पूर्ण वळण कुठेच लागत नाही. प्रश्न आमच्या फाटकाचा. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, सहा मिलिमीटरनं चाकाचा कोन किती कमी होतो, सगळं मांडलं. वळणाची त्रिज्या साधारण चाळीस सेंटिमीटरनं वाढत होती. कंपासनं चाप काढला. उजवा पुढचा कोपरा फाटकाच्या खांबाला चार बोटं ठेवून सुटत होता, आणि आत शिरून सरळ ह्यांच्या दगडी डोणीवर जात होता.

ही डोणी सासरच्या गोठ्यातली, गुरांना पाणी पाजायची. वाडा पडल्यावर ह्यांनी ती ट्रॅक्टरमधून आणली आणि तिच्यात मोगरा लावला. पंधरा वर्षं ती त्याच जागी आहे. तिच्यावर कुणी कपडे वाळत घातलेले ह्यांना चालत नाहीत.

मी नकाशा पुढे ठेवला. ह्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. ते स्वतः शाळेत भूमितीच शिकवत, चूक काढायला जागा नव्हती. “रिव्हर्स घेऊन एकदा मागेपुढे केलंस तर?” होईल, मी म्हटलं, रोज, पावसात, मागून दुधाची गाडी हॉर्न वाजवत असताना. ते म्हणाले, “मग क्रोम करून घे.” मी भट्टीची गोष्ट सांगितली. ते गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर टेप लावून स्वतः मोजताना दिसले. डोणी चाळीस नव्हे, पंचेचाळीस सेंटिमीटर सरकवावी लागेल म्हणाले, पाच सेंटिमीटर हाताशी असावेत.

छल्ला बसला, रॅक आला, चढला. मिस्त्रींनी पुढची चाकं उचलून इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे सावकाश फिरवलं, डबीतला फेस बसेपर्यंत. भिंतीवरचे खडूचे आकडे छल्ल्याच्या जाडीमुळे आता चालणार नव्हते, म्हणून आधी अंदाजे, मग अलाइनमेंटवर बरोबर. या वेळी दोन्ही बूट नवे. दर रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरते. सव्वा महिना झाला, बातम्या कोरड्या आहेत. म्हैस गेली. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपलं आपण हातातून सरकत सरळ होतं. प्ले थोडा आहे, सव्वादोन सेंटिमीटर. मधले दात काही नवे झालेले नाहीत, आणि तो नट मी आवळू देणार नाही.

वहीतला हिशेब: सील किट 1,650. मजुरी कोल्हापूर 3,000. छल्ला 150. बूट दोन 700. उतरवणं-चढवणं 3,500. तेल 400. अलाइनमेंट 450. एसटी, जेवण, चहा 460. डोणी सरकवायला चार माणसं, 1,200. त्यांना अर्धी माती उकरून काढावी लागली, तरी पहारी लावूनच ती हलली.

मोगऱ्यानं त्यानंतर सगळ्या कळ्या टाकल्या. तो खर्च वहीत कुठल्या खात्यावर लिहायचा यावर घरात अजून एकमत नाही.